गाडी उभी करण्याचे पैसे न देणारी बायनाबाई

बायनाबाईचा हात तसा आखडता नव्हता. जत्रेत ती नातवंडांना दोनदोनदा पाळण्यात बसवी, सिरसाळ्याच्या बाजारात भाव न करता भजी घेई, आणि देवळातल्या पेटीत नोट टाकल्यावर पुन्हा तिकडे पाहत नसे. पण गाडी नुसती उभी करण्याचे पैसे कुणी मागितले, की तिच्या कपाळावरची शीर उठे.

"गाडी चालली तर डिझेल खाती, ते मी देते. उभी हाय तवा काय खाती?" असा तिचा सवाल असे, आणि पावती फाडणाऱ्या एकाही माणसाला आजवर त्याचं उत्तर देता आलं नव्हतं.

गाडी तिच्या मुलाची, शहादेवची. तेलगावजवळच्या त्यांच्या गावातून तो रोज सकाळी पिकअपमधून दूध सोसायटीचे कॅन नेई. गाडी कुठे न्यायची हे शहादेव ठरवी, पण कुठे लावायची हे पुढच्या सीटवर बसलेली बायनाबाई ठरवी.

खोटं बोलायचं नाही, असा तिचा नेम होता. एखादी गोष्ट बोलून मग खरी करून घ्यायला मात्र तिची ना नसे. एकदा बीडच्या पेठेत गाडीतळाचे पैसे पडतात म्हणून तिने पिकअप एका दवाखान्याच्या आवारात घ्यायला लावला आणि वॉचमनला सांगितलं, "पेशंटला भेटायचंय." मग ती खरोखरच वर गेली. जिच्याजवळ कुणी बसलेलं नव्हतं अशी एक म्हातारी तिने शोधून काढली, तिला दोन केळी दिली, तिचे पाय चेपले, सुनेबद्दलची तिची सगळी तक्रार मान हलवत ऐकली, आणि मगच साड्या घ्यायला गेली. त्या म्हातारीने पुढे नातीच्या लग्नाची पत्रिका पाठवली. बायनाबाई लग्नालाही जाऊन आली. मांडवापुढे गाडी लावायला तिथे पैसे पडले नाहीत.

दुष्काळाच्या साली, म्हणजे दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात, तिचा हा नेम तिच्याच अंगावर आला.

त्या वर्षी कारखान्यांचा ऊस लवकर संपला आणि तोडीला गेलेली माणसं होळीच्या आधीच गावात परतली. विहिरींचे तळ दिसू लागले. टँकर आला की निम्मं गाव हंडे घेऊन धावे. जागोजागी चारा छावण्या उघडल्या आणि लोक आपली जनावरं तिथे नेऊन बांधू लागले. बायनाबाईकडे गजरी नावाची एकच म्हैस होती. गजरीला छावणीत न्यायचं का, असं शहादेवने विचारलं, तेव्हा दूध घालायला आलेल्या सगळ्या बायकांच्या देखत बायनाबाई म्हणाली होती, "मी हयात असताना माझी म्हैस दुसऱ्याच्या पंगतीला काहून बसवायची? उपाशी ऱ्हाईल, पर सरकारी पेंढीला तोंड लावायची न्हाई."

त्या बायकांत शेजारची सुंदरबाईही होती. तिच्या दोन म्हशी छावणीत न्यायचं तिच्या घरी ठरलं होतं. आता नेल्या तर बायनाबाई काय म्हणेल, या धास्तीने तिने त्या दावणीलाच ठेवल्या आणि कोरडा कडबा मोडून घालत बसली. बायनाबाईचा पाय कुठे घसरतो, याची ती तेव्हापासून वाट पाहत होती.

अशात नातवंडांनी आनंदनगरीचा हट्ट धरला. बीडच्या रस्त्यावर एका पतसंस्थेच्या चेअरमनने ही आनंदनगरी उघडली होती. पाण्याची घसरगुंडी टाकीत पाणी नसल्यामुळे बंद होती, पण आकाशपाळणा, भुताचं घर आणि गोल फिरणारे घोडे चालू होते. तिकिटाला बायनाबाईने लगेच होकार दिला. तेवढ्यात तिची सून अंजना म्हणाली, "आत्याबाई, पिकअप लावायचे तिथं शंभर रुपये घेत्यात."

"शंभर?" बायनाबाईने तांदूळ निवडणं थांबवलं. "त्येवढ्यात तर घोड्यावर बसती की गाडी."

"रस्त्यावर लावली तर हवा सोडत्यात," शहादेव म्हणाला. "समोर छावणी हाय. तिथं मोठं पटांगण हाय, झाडं हायत. पर जनावर घिऊन आलेल्या गाडीलाच आत सोडत्यात."

हे बोलल्यावर त्याला आपली चूक कळली, कारण बायनाबाईने सूप खाली ठेवलं होतं.

रविवारी सकाळी गजरीला धुऊन, शिंगांना तेल लावून पिकअपमध्ये चढवलं. पुढे शहादेव, बायनाबाई, अंजना आणि दोन्ही नातवंडं एकमेकांच्या मांडीवर कोंबून बसली. मागे गजरी ऐसपैस उभी होती. सुंदरबाई दारातून पाहत होती.

"गजरीला इकायला काढली का काय, अक्का?"

"न्हाई गं. फिरायला नेती," बायनाबाई म्हणाली. तेही खरंच होतं.

छावणी तिथल्या सेवा सोसायटीची होती. फाटकावर उत्तरेश्वर नावाचा कारकून कानाला पेन लावून बसला होता. त्याने नाव विचारलं, गाव विचारलं, आधारकार्ड मागितलं. बायनाबाईने सगळं खरं सांगितलं आणि खरं दिलं. मग एका माणसाने येऊन चिमट्याने गजरीच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला. गजरीने मान झटकली. बायनाबाईला जरा वाईट वाटलं, पण सायकल स्टँडवर बिल्ला देतात तसा हा बिल्ला असणार, जाताना काढून घेतील, असं तिने धरलं. तिच्या सगळ्या आयुष्यात हिशेब चुकला तो इथे.

दिवस मोठा आनंदात गेला. भुताच्या घरातून नातवंडं रडत बाहेर आली आणि पुन्हा आत जायचं म्हणाली. शहादेव आणि अंजना घोड्यांवर बसले. बायनाबाई आकाशपाळण्यात चढली. पाळणा वर थांबला तेव्हा तिला रस्त्यापलीकडची छावणी दिसली. गजरीपुढे हिरवी मका होती. आजूबाजूला काय चाललंय याची तिला शुद्ध नव्हती. दोन महिने कोरडी काडं चावलेलं जनावर मान खाली घालून नुसतं खात होतं. पाळणा खाली येईपर्यंत बायनाबाई तिकडेच पाहत राहिली.

संध्याकाळी सगळे छावणीत परतले. गजरी रवंथ करत बसली होती. शहादेवने दावं ओढलं, शेपटी मुरगाळली, पण ती उठेना. उत्तरेश्वर शांतपणे जवळ आला.

"काय बे, काय चाललंय?"

"म्हैस नेतोय घरी."

"आत आलेलं जनावर असं न्हेता येत न्हाई. बिल्ला मारलाय, नाव चढलंय. उद्या तपासणीला साहेब येणार हायत. सरकारी अनुदान जनावरामागं मिळतं, आन् आमच्याकडं आधीच जनावरं कमी भरत्यात. त्यातनं कुणाला सोडायचं तर आमच्या सोसायटीच्या चेअरमनची सही पायजे, आन् चेअरमन लग्नाला पुण्याला गेलेत."

बायनाबाई पुढे झाली. "बाबा, माझं जनावर, मी न्हेते. सही कसली?"

उत्तरेश्वरने तिच्याकडे पाहिलं. मग नातवंडांच्या नव्या कपड्यांकडे, अंजनाच्या हातातल्या फुग्याकडे आणि धाकट्याच्या तोंडाला लागलेल्या गुलाबी साखरेकडे पाहिलं. त्याच्या मिशा हलल्या.

"मावशी, एक वाट हाय. म्हैस छावणीसाठी आणलीच न्हवती, गाडी फुकट लावायला आणलती, असं माझ्यापुढं बोला. मग चूक म्हणून नाव खोडतो. तिकडं गाडीतळावर भगवानराव बसलाय, माझा चुलताच हाय, त्याच्या हातात शंभर रुपये टेकवा आन् न्या म्हैस."

"माय, देऊन टाक," शहादेव कानाशी कुजबुजला. "गावात कळलं तर सुंदरकाकू जगू द्यायची न्हाई."

तेच तर बायनाबाईच्या डोक्यात चाललं होतं. म्हैस इथे राहिली तर उद्या दूध घालायच्या वेळी सगळ्या बायका पदरात तोंड लपवून हसणार. म्हैस न्यायची तर पैसे द्यायचे, आणि ते का देतोय हे या मिशाळ माणसापुढे कबूल करायचं. तिने गजरीकडे पाहिलं. गजरीने डोळे मिटून घेतले होते.

"मी म्हैस छावणीसाठीच आणलीय," बायनाबाई म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

"मग घरातलं एक माणूस जनावरापाशी ऱ्हायला लागतं. तसा कायदाच हाय."

आता हे खरं करून घेणं भाग होतं. बायनाबाईने पदर खोचला, तिथल्याच एकाची चरवी मागून गजरीची धार काढली, दूध मुलाच्या हाती दिलं आणि म्हणाली, "माझं आंथरूण सकाळी घिऊन ये. आन् पोरांनो, गावात कुणाला काय बोलायचं न्हाई."

पोरांनी माना हलवल्या आणि गावात पोचताच सगळं सांगितलं. पण छावणीत काय झालं ते पोरांना कुठलं कळायला. त्यांनी सांगितलं ते असं, की आजीने म्हैस नेली म्हणून गाडी झाडाखाली फुकट लागली, शंभर रुपये वाचले, त्याचे आम्ही फुगे घेतले. आजी का आली नाही, असं सुंदरबाईने विचारलं, तेव्हा धाकटा म्हणाला, "आजीला तिथं लई आवडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाई गजरीला पाणी दाखवत होती, तोच फाटकात गाड्यांचा आवाज झाला. एकामागून एक तीन पिकअप आत आले. प्रत्येकात मागे म्हशी आणि पुढे पावडर लावलेली पोरं. पहिल्यातून सुंदरबाई उतरली, अंगावर ठेवणीतलं लुगडं. उत्तरेश्वर खुर्चीतून उठून उभा राहिला आणि स्वतःच्या हाताने चिमटा घेऊन आला.

सुंदरबाईने दोन्ही म्हशींची दावी बायनाबाईच्या हातात दिली.

"अक्का, तुझं डोस्कं लई भारी हाय बघ. आमच्या ध्यानातच आलं न्हवतं. जरा धर, आमी पाळण्यात बसून आलोच."

"जा की, सावकाश बसा," बायनाबाई म्हणाली.

"ह्ये कानात काय मारत्यात गं?"

"बिल्ला हाय."

"जाताना परत द्यायचा आसंल?"

बायनाबाईने दोन्ही दावी मनगटाला गुंडाळली आणि आकाशपाळण्याकडे हात केला.

"त्यो बघ, सुरू झाला. लौकर जा, रांग लागती."