इथल्याइतकीच माणसं

आईला मी फसवलं, आणि तेही खऱ्या आकड्याने. मी बँकेत रिपोर्टिंगचं काम करते. वीस वर्षं बेरजा आणि सरासऱ्या काढण्यात गेली. कुठला आकडा पुढे ठेवला की कुठली गोष्ट मागे झाकली जाते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आमच्या धंद्यात याला कुणी खोटं म्हणत नाही. आई काय म्हणेल, ते मला चांगलं ठाऊक आहे.

सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात अकराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. नवरा जहाजावर इंजिनिअर, म्हणजे वर्षातले सात-आठ महिने घरात मी, लेक आणि आई. बाबा गेल्यावर आईला सांगलीहून इकडे आणली, आणि महिन्याभरात तिने आख्खा ब्लॉक खिशात घातला. इंग्रजीचा एक शब्द येत नाही, पण अडलंय कुणाचं! समोरच्या मलय मावशींशी ही मराठीत बोलायची, त्या मलयमध्ये, आणि दोघींचं तासभर छान चालायचं. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की हिची सरबत्ती सुरू: जेवलात का, उकडतंय किती, हा नातू का तुमचा. नवव्या मजल्यावरचे चिनी आजोबा तर तिला पाहिलं की 'जेवलात का' एवढं स्वच्छ मराठीत म्हणायला शिकले होते. आजीला इलेक्शनला उभं करूया लाह, असं लेक इथल्या सिंग्लिश ढंगात म्हणायची.

मला मात्र लाज वाटायची. लिहायला जड जातंय, पण वाटायची. मी घरून मीटिंगमध्ये आणि मागे दारात आई हातवारे करून कुणाला तरी थालीपीठ शिकवतेय. तिकडे साहेब विचारतोय, घरी पाहुणे आहेत का? एकदा लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या मी तिच्यावर खेकसले.

"आई, इथं लिफ्टमध्ये बोलत नाहीत. लोकांना त्रास होतो."

ती बरं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खरं सांगायचं तर त्रास लोकांना नव्हताच, मला होता.

अशात धाकट्या भावाचा फोन आला. तो फ्रान्समध्ये असतो, बायको तिथलीच. दोघांनी एका खेड्यात जुनं दगडी घर घेतलं होतं, आणि आईला तिकडे घेऊन जायचं त्याच्या मनात होतं. आधी तीन महिने राहू दे, जमलं तर लांब मुदतीचा व्हिसा काढू, मग कायमचीच राहील, असं म्हणाला. पोरगा प्रामाणिक आहे. त्याने आडपडदा ठेवला नाही. गाव म्हणजे वीसेक घरं, त्यातली निम्मी बंद. आम्ही दोघं सकाळी लिमोज शहरात कामाला जातो ते अंधार पडल्यावर उगवतो. आईला दिवसभर बोलायला चिटपाखरू मिळणार नाही. ताई, तू हे तिला समोर बसवून नीट सांग आणि मग ठरवू दे तिला, असं त्याने दोनदा बजावलं. मी हो हो म्हटलं. माझ्या डोक्यात तेव्हा एकच चाललं होतं: आई गेली की तिची खोली मला ऑफिसला मिळेल.

संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. मी भावाचं बोलावणं सांगितलं. थंडी किती, जेवणाचं काय, विमानात एकटी कशी जाऊ, यातलं तिने काही विचारलं नाही.

"तिथं माणसं आहेत ना गं?" एवढंच म्हणाली.

मी फोनवर बघितलं. गाव शोधलं नाही, जिल्हा शोधला नाही. ते खेडं ज्या भल्यामोठ्या प्रांतात आहे, त्या नूव्हेल-आकितेनची लोकसंख्या शोधली.

"आहेत की. साठ लाख. इथल्याइतकीच."

आकडा खरा आहे. सिंगापूरची वस्तीही साठ लाखांच्या घरातलीच. आईने खिडकीतून खाली बघितलं. एमआरटी मेट्रोच्या स्टेशनातून माणसं बाहेर पडत होती, खाली बाकांवर म्हाताऱ्यांचा पट रंगला होता. तिचा चेहरा सैल झाला. मग काय, जाते की, म्हणाली आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

त्याच पानावर खाली नकाशा होता, आणि तो मी पाहिला होता. तीन जुने प्रांत जोडून केलेला हा प्रदेश आख्ख्या ऑस्ट्रियापेक्षा मोठा आहे. आमच्या सिंगापूरसारखी शंभरावर बेटं त्यात मावतील. पश्चिमेला समुद्र, खाली पाइनची जंगलं, दक्षिणेला पिरेनीजचे डोंगर. पातेल्याच्या तळाशी गूळ बसावा तशी माणसं बोर्दो शहराभोवती आणि किनाऱ्याला बसलेली. पूर्वेच्या पठारावर, जिथं भावाच्या खेड्याचा क्रूझ जिल्हा, तिथं तांबड्या गाई, गवत आणि म्हातारी होत चाललेली गावं. फ्रान्सातल्या सगळ्यात विरळ वस्तीच्या जिल्ह्यांतला हा एक. हे सगळं वाचून मी फोन पालथा ठेवला.

आई ऑक्टोबरात गेली. पहिले काही दिवस फोनवर उत्साह होता. मग तिने एक नवीन सवय लावून घेतली. फोन उचलला की आधी आज किती माणसं भेटली ते सांगायची. आज तीन: पोस्टमन, पावाची गाडीवाली आणि ट्रॅक्टरवरून हात केलेला एक जण. पावाची गाडी नसेल त्या दिवशी दोन. दिवाळीत तिने चकल्या केल्या, ताटली घेऊन चार दारं वाजवली, एकही उघडलं नाही. पाचव्या घरातल्या बाईंनी खिडकीतून हात हलवला आणि पडदा ओढला. शेवटी चकल्या पाववालीने खाल्ल्या. हे सांगताना आई हसत होती. आणि मी काय केलं? चकल्या तिथल्या तेलात खुसखुशीत होतात का, ते विचारलं.

एका दुपारी तिने मीटिंगच्या तोंडावर फोन केला.

"सूनबाईनं नकाशा दाखवला गं," ती म्हणाली. "माणसं जास्त तिथं गडद रंग दिलाय. समुद्राकडं नुसता काळाकुट्ट. आमच्याकडं कागद कोराच आहे बघ."

मी काही तरी बोलायला हवं होतं. आई, चुकलं माझं, एवढे तीन शब्द. त्याऐवजी मीटिंग आहे म्हणाले आणि फोन ठेवला. मीटिंग होती, हेही खरंच होतं. मेलं हे माझं खरं!

त्यानंतर तिने माणसं मोजून सांगणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणायची, असतात की. तीन महिने संपले. कायमची राहतेस का, असं भावाने विचारल्यावर तिने सिंगापूरला परत जाते म्हटलं, कारण सांगितलं नाही.

आल्यावरच्या रविवारी आम्ही काही मराठी मंडळी ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठच्या बागेत जमलो. बायकांनी तिला घेरलं. फ्रान्स कसं आहे, गर्दी असते का खूप, कंटाळा नाही ना आला? मी शेजारीच सतरंजीवर पोहे वाढत होते.

"छान आहे," आई म्हणाली. "माणसं इथल्याइतकीच. साठ लाख. हिनं सांगितलं होतं ना मला."

माझ्याकडे तिने बघितलंही नाही. चार बायकांत लेकीची लाज झाकली आणि पोह्यांवर लिंबू पिळून घेतलं. घरी परतताना बसमध्ये मी धीर केला. सगळं सांगितलं: भावाने काय बजावलं होतं, नकाशा कसा पाहिला होता, तिची खोली मला कशाला हवी होती. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली की आकडा खरा होता ना, मग झालं. रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर मी सुटले असते.

ब्लॉकखाली आलो. लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरचे चिनी आजोबा आधीच उभे होते. आईला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि ते ठासून म्हणाले, जेवलात का. आईने मान हलवली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. आजोबा गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मला राहवेना. मग मीच सुरुवात केली, मोडकीतोडकी इंग्रजी-सिंग्लिश: आई लांब गेली होती, थंडीत, आता परत आली, तुम्ही कसे आहात, नातू कितवीत गेला. ते खुशीत सांगायला लागले.

आईने हळूच माझा दंड धरला.

"असू दे गं," ती कानाशी म्हणाली. "लोकांना त्रास होतो."