अ‍ॅडलेडचे दोन दिवस
हिरव्या मटाराचा वास आला की नॉटिंगहॅमच्या किचनमधली ती शनिवार दुपार आठवते, कारण मटार सोलणं हे मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम. टेबलावर ट्रॅव्हल एजंटचं ब्रोशर उघडं होतं. सिडनी, मेलबर्न ठरलं होतं, पण तिला मध्ये दोन दिवस अ‍ॅडलेड हवं होतं. तिच्या शाळेतला एक जण तिथे प्रोफेसर होता. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि ती अशी हसायची, की तशी माझ्याजवळ कधी हसली नाही. मी म्हणालो, "त्या गावात बघायला आहे काय? कुत्रं जात नाही तिकडे." ती म्हणाली, "अहो, सत्तरी आली, आता तरी जळायचं सोडा." त्याच रात्री ती झोपेत गेली. सकाळी फोन वाजला. मी सांगितलं तसा तो हुंदके देऊन रडायला लागला. माझ्या डोळ्यांत अजून थेंब नव्हता. रडण्यातही हाच पुढे, म्हणून माझं डोकं फिरलं. फोन आपटणार होतो, पण खुर्ची ओढून बसलो. तो शांत झाल्यावर विचारलं, "तिला तिकडे काय दाखवणार होतात?"