विहिरीची मालकीण

"माझ्या तोंडाकडं बघून बोला," असं ती कचेरीत आल्या आल्या सांगायची. तिचं चुकत नव्हतं. जमीन तिची, अर्ज तिचा, पण आमचे साहेब बोलायचे ते तिच्या मागे उभ्या असलेल्या दिराशी. सरकारी कचेरीत ज्यांनी हेलपाटे घातलेत, त्यांना ही रीत ठाऊक असेल.

बहात्तरचा दुष्काळ होता. नगरच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात मी पंचायत समितीत कारकून होतो. जुन्या विहिरी खोल करायला सरकार अनुदान देत होतं, आणि ज्याच्या नावावर विहीर त्यालाच ते मिळायचं. ती विधवा, मूलबाळ नाही. नवऱ्यामागं विहीर तिच्या नावावर चढली, तेच दिराला खुपत होतं. बाईमाणसाला यातलं काय कळतंय, अनुदान माझ्या हाती द्या, असं तो साहेबांना एकदा सांगून गेला.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तिचा ओठ फुटलेला होता, एक डोळा सुजून मिटला होता. मी विचारलं, तर म्हणाली, "दिरानं मारलं. पर भाऊसाहेब, भाईर जाऊन त्याचा कान बघून या."

बाहेर लिंबाखाली तो कानाला फडकं बांधून बसला होता. फडकं रक्तानं भिजलं होतं. कानाची पाळी तिनं दातानं तोडली होती. त्या दिवशी साहेब पहिल्यांदाच तिच्याकडं बघून बोलले.

अनुदान मंजूर झालं, खोदाई लागली. दुसऱ्या हप्त्याआधी पाहणी करायची म्हणून ओव्हरसियर आणि मी जीपनं तिच्या शेतात गेलो. गडी भाकरी खायला वर येऊन लांब झाडाखाली बसले होते. ती एकटीच तळाशी टोपलं भरत होती. आम्ही काठाशी पोचतो तोच दीर आला आणि काठावरचा एक धोंडा त्यानं पायानं आत लोटला. किंकाळी आली नाही. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज तेवढा आला.

आम्ही त्याला धरलं, पण त्यानं दोघांनाही झटकून टाकलं. एवढ्यात ती पायऱ्या चढून वर आली. डावा हात कोपराखाली लोंबत होता, हाड बाहेर आलं होतं. उजव्या हातानं तिनं गड्यांची पहार उचलली आणि दिराच्या नडगीवर घातली. तो कोसळला. पडल्यावर तिनं पुन्हा घातली. आणखी एकदा उचलली, तेव्हा ओव्हरसियरनं ती धरली.

"ऱ्हायलं," ती म्हणाली. "आदी हीर मोजा. मंग मला कुटं न्यायचं तिकडं न्या."

ओव्हरसियरनं विहिरीत टेप सोडली. मोजून होईपर्यंत ती उभी होती. मग तिथंच मातीत बसली.

दोघांना एकाच जीपमधून नगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. हवालदार आला. बाईनं पाय मोडला हे दिराच्या तोंडून निघेना. खड्ड्यात पडलो म्हणाला. पलीकडच्या खाटेवरून ती संतापली. "खोटं बोलतोय. पाय मी मोडला. ल्हिवून घ्या." हवालदार बिचारा डोकं खाजवत राहिला. शेवटी आमची जबानी झाली. दीर तुरुंगात जाऊन आला. तिला कोर्टानं सोडलं, पण हात वाचला नाही. कोपरापासून कापावा लागला.

विहिरीला पाणी लागलं. आजूबाजूच्या वस्त्याही तिथंच भरायला येऊ लागल्या. दीर सुटून आला त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी एकदा वाट वाकडी करून गेलो. ती काठावर उभी राहून, कोण आलं कोण गेलं बघत होती. दिराची बैलजोडी हौदाला तोंड लावून पीत होती. तो स्वतः लांब बांधावर, काठीवर रेलून थांबला होता.

मी त्याच्याकडं पाहिलं, तशी ती म्हणाली, "बैलाला पाजीन. त्याला न्हाई."

तेवढ्यात तिची जाऊ, दिराची बायको, आली. तिनं घरच्या कळशा भरल्या आणि मग, इकडंतिकडं न बघता, एक जास्तीची भरायला घेतली. ती भरून होईपर्यंत ही विहिरीकडं पाठ करून उभी राहिली.