शंभर दगडांची पिशवी

मावशीच्या पिशवीतून दगड पडत होते आणि मागून चालणारे चित्रकलेचे मास्तर ते मोठ्या आदबीने उचलून खिशात घालत होते. बेटावर येऊन त्यांना आठवडा होत आला होता, पण या किनाऱ्यावर मावशीने त्यांना आजच आणलं होतं. यजमानीणबाईंची पिशवी फाटकी आहे हे पाहुण्याने दाखवून द्यायचं म्हणजे कसं दिसतं, म्हणून ते गप्प होते. वाकून वाकून कंबर कामातून गेली, खिसे गुडघ्यापर्यंत लोंबले, पण संस्कार म्हणजे संस्कार.

मावशी काही त्यांची सख्खी मावशी नव्हती. धक्क्यावर बावीस वर्षं तिने बोटीची तिकिटं फाडली. बोट आठवड्यातून एकदाच यायला लागली तेव्हा मागची खोली पाहुण्यांना दिली आणि बेट दाखवायला लागली. “दाखवायचं काय, समोरच तर आहे,” म्हणायची, आणि मग बिळातून खेकडा डोकावेपर्यंत माणसाला अर्धा तास उन्हात उभं करायची.

या किनाऱ्यावर सुरय पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात. दोन वर्षांपूर्वी सहलीच्या लाँचमधली मंडळी इथे चटया अंथरून बसली. ती गेल्यावर मावशी दिवसभर फुटकी कवचं वेचत होती. तेव्हापासून ती वनखात्याच्या साहेबाच्या हात धुऊन मागे लागली होती. शेवटी साहेब म्हणाला, शंभर घरटी भरली तर विणीच्या दिवसांत किनारा बंद करतो. आज दुपारच्या बोटीने तो आकडा न्यायला येणार होता आणि त्याच बोटीने मास्तरांना परतायचं होतं.

टोकाला पोचल्यावर मावशीने पिशवी उलटी करून झटकली. “भरले शंभर!”

तिचा चेहरा इतका फुलला होता, की मास्तरांना हीच वेळ योग्य वाटली. त्यांनी दोन्ही खिसे वाळूत रिकामे केले.

“मावशी, पिशवी तेवढी शिवून घ्या. हे सगळे सांडले होते.”

मावशीने दगडांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, परत दगडांकडे.

“मास्तर, हे घरट्यांजवळचे?”

“कुठली घरटी?”

“अरे, एक घरटं, एक दगड! पिशवीत मोजून शंभर घेतले होते, मोजलेलं परत मोजू नये म्हणून. मी वेडीवाकडी फिरते, त्याच जागी तीनदा येते. आता कुठलं दोनदा मोजलं ते कुणाला विचारू?”

“पण वहीत का नाही लिहीत?”

“वर बघ.”

मास्तरांनी वर पाहिलं. घिरट्या घालणाऱ्या सुरयांपैकी एकाने उत्तर नेमकं चष्म्यावर दिलं.

“दोन वह्या अशाच गेल्या,” मावशी म्हणाली.

खिशातले दगड निघाले सदतीस. दगड नसलेल्या घरट्यांपाशी ते पुन्हा ठेवायचे ठरले. मास्तरांना अंडं गोट्यासारखं दिसे आणि गोटा अंड्यासारखा. चार ठिकाणी त्यांनी दगडाशेजारी दगड ठेवला. मावशीने ते परत उचलले. बोटीचा भोंगा झाला तेव्हा तिच्या हातात तीन दगड उरले होते. तीन घरटी नव्हतीच, की दिसली नव्हती? कुणालाच सांगता येईना.

“किती?” धक्क्यावर साहेबाने विचारलं.

शंभर सांगून मोकळ्या व्हा, मास्तर मनात म्हणत होते.

“सत्त्याण्णव,” मावशी म्हणाली. “उरलेली आहेत की नाहीत, देव जाणे. या पाहुण्याने घोळ घातला.”

“मग आज बंद करता येत नाही. पुढच्या बोटीला बघू. तोवर लाँचवाल्यांना सांगून ठेवतो. ऐकतील असं नाही.”

“मी थांबू का?” मास्तर पुटपुटले. सोमवारी शाळा होती.

“नको रे बाबा! हेच डोळे घेऊन?” मावशीने त्यांची बॅग बोटीत ढकलली. “तीन घरट्यांचं देणं लागतोस तू माझं.”

बोट सुटली. तीन घरटी फेडतात कशी, हे मास्तरांना कळेना, आणि विचारावं असं बोटीवर साहेबाशिवाय कुणी नव्हतं.