तळघरातली बांधी

लग्न होऊन मी फुलचूरला आले, तेव्हा सासरच्या घराला तळघर आहे याचं मला केवढं अप्रूप वाटलं! माहेरी तिरोड्याकडे घरांना माळे असायचे, पण जमिनीच्या पोटात खोली असते हे मी ऐकलंसुद्धा नव्हतं. आजेसासऱ्यांनी चोरांच्या धास्तीनं ती खणून दगडांनी बांधून घेतली होती. चोर काही कधी आले नाहीत. पाणी मात्र दरसाल न चुकता यायचं. उन्हाळ्यात तळघर कोरडं ठणठणीत आणि आषाढ लागला की पोटरीभर पाणी. पावसानं उघाड दिली की ते आपसूक जिरायचं, पुन्हा झड लागली की पुन्हा हजर. सासूबाई त्याला ‘घरातली विहीर’ म्हणायच्या आणि तिथं मिठाचा खडाही ठेवू द्यायच्या नाहीत.

ही गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली. फुलचूर आणि कुडवा या दोन गावांची मिळून तेव्हा एक नाटक मंडळी होती. दिवाळी झाली की गावोगाव मंडया, म्हणजे जत्रेसारखे मेळे, भरायच्या आणि आमच्या मंडईत या मंडळीचं नाटक व्हायचं. बायकांची कामं पुरुषच करायचे. आमचे हे त्यातले. आजवर दासीचं काम करून, पंखा हलवून हलवून त्यांचे हात दुखून आले होते. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांना राणीचं काम मिळालं होतं. मी त्यांना कधी रंगभूमीवर पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे मंडईची जेवढी वाट ते पाहत होते, त्याहून जास्त मी पाहत होते. रोज भाकरी थापताना मी त्यांच्याकडून राणीचं भाषण म्हणवून घ्यायची.

आणि ऐन चैत्रात, ज्या गोठ्याच्या माळ्यावर मंडळीचं सामान होतं, त्या गोठ्याला आग लागली. वाजवायची पेटी गेली, मुकुट गेले. महाल रंगवलेला पडदा तेवढा वाचला, कारण आमचे हे धुरात घुसले आणि गुंडाळलेला पडदा खांद्यावर घेऊन बाहेर आले. त्यांच्या भुवया जळाल्या. राणी व्हायचं वर्ष आणि भुवया गायब! मी रडावं की हसावं, मला कळेना. मी दोन्ही केलं.

आता पडदा ठेवायचा कुठं, म्हणून दोन्ही गावची बैठक आमच्या ओसरीत बसली. गवताच्या छपराखाली नको, यावर सगळ्यांचं एकमत. तेवढ्यात सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली.

“आमच्या तळघरात ठेवा ना गा! तेथी कायची आग लागते?”

कुडव्याचे एक म्हातारे पाटील खो खो हसले. “आग नाही लागनार, पन पडदा पोहून राह्यल ना बापा!”

झालं. सासरे पेटले. शेवटी ठरलं असं की पोळ्याच्या दिवशी दोन्ही गावचे लोक येऊन तळघर पाहतील. कोरडं असेल तर पडदा फुलचूरला. ओलं असेल तर पडदा कुडव्याला, म्हणजे तालमीही तिकडेच, आणि राणीही त्यांच्याच गावची. त्यांच्याकडे एक लांब नाकाचा गडी राणीच्या कामावर टपून बसलेलाच होता. मी दाराआडून त्याचं नाक पाहिलं आणि मनात म्हटलं, मर मेल्या, तुला राणी होऊ देते का बघ!

सासऱ्यांना घाबरायचं काही कारण वाटत नव्हतं. भाताच्या शेताला बांध घालून जे तुकडे पाडतात, त्यांना आमच्याकडे बांधी म्हणतात. आणि सासऱ्यांच्या बांधीतून थेंब पाणी फुटून गेलं, असं पंचक्रोशीत कुणी पाहिलेलं नव्हतं. पाणी अडवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस नव्हता. “पानीच ना?” ते म्हणाले, “पानी आपल्याले नवं हाय का?”

तळ्याच्या पोटातली चिकण माती गाड्या भरभरून आली. शेतात रोवणीआधी, म्हणजे भाताची रोपं लावण्याआधी, चिखलणी बैल करतात, पण बैल काही पायऱ्या उतरून तळघरात जाईनात, म्हणून घरच्या सगळ्यांनी लुगडी-धोतरं खोचली आणि माती तुडवली. काय मजा आली म्हणून सांगू! बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत गार गार चिखल. सासूबाईसुद्धा माझ्या खांद्याला धरून नाचल्या. मग ती माती तळावर आणि भिंतींना वीतभर जाड थापली, हातानं घोटून गुळगुळीत केली. कुठं भेग दिसेना. सासरे कंदील घेऊन रोज तिच्याकडे बघायला जायचे, जसे काही घरात नवं वासरू आलंय.

आषाढात झड लागली. आम्ही तळघराचं दार उघडलं, तर आत पोटरीभर पाणी! भिंतींची माती जागोजाग सुटून खाली बसली होती आणि दगडांच्या सांध्यांतून पाणी गळत होतं. आम्ही म्हटलं, जिरेल. उघाड पडली, पण ते जिरेना. पूर्वी तळातून निघून जायचं ते पाणीही आता सासऱ्यांच्या मातीनं अडवून धरलं. पंचक्रोशीत नव्हती अशी पक्की बांधी आमच्या घराखाली तयार झाली होती.

बातमी काय लपते? शेजारचे एक काका सकाळी आले, तळघरात डोकावले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “काय गा, रोवनी कवा करता?”

सासूबाई पदर तोंडाशी धरून आत पळाल्या. सासऱ्यांनी त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. आणि आमचे हे? ओसरीच्या कोपऱ्यात पडद्याला टेकून बसले. दमट हवेनं पडद्याच्या कडेला पांढरी बुरशी धरू लागली होती, ती ते आपल्या उपरण्यानं पुसत होते. भुवया परत उगवल्या होत्या, पण चेहरा उतरला होता. राणीचं भाषण त्यांनी म्हणायचंच सोडून दिलं होतं.

मग मी चिडले. कुणावर, ते कळेना, म्हणून तळघरातल्या पाण्यावर चिडले. आम्ही दोघं घागरींनी ते उपसू लागलो. एका घागरीसरशी माझ्या मनात आलं, शेतात बांध घालतो तेव्हा पाणी कुठल्या बाजूला असतं? आत. आणि आपल्याला आत काय हवंय? कोरडं. मी घागर तशीच टाकली आणि धावत ओसरीत आले. सासऱ्यांशी थेट बोलायची तेव्हा सुनेला मुभा नव्हती. म्हणून मी डोक्यावरचा पदर ओढून सासूबाईंकडे तोंड केलं.

“बाई, मामाजींले सांगा, बांध बराबर हाय, पन आपन उलट्या अंगानं घातला. पानी आंगनात हाय, अन् आपन तळघराची बांधी करून राह्यलो. बांध भिंतीच्या बाहेरून पाह्यजे.”

सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. “आयकलं का? सून म्हनून राह्यली का...”

“आयकलं मी!” सासरे उठून उभे राहिले होते. रीतभात विसरून ते सरळ माझ्याकडे बघून विचारू लागले, “अन् पानी बाहेर साचलं त मंग जाईन कोठी?”

मीही विसरले. “जास्तीचं पानी बांधीतून कसं काढता, मामाजी? तसंच काढाचं. मांगच्या शेतात.”

आमचं घर उंचवट्यावर होतं आणि मागचं शेत तळघराच्या तळाहूनही खोल. सासऱ्यांनी एकदा अंगणाकडे पाहिलं, एकदा शेताकडे, आणि टाळी वाजवली. “पावडं आना!”

रोवणी आटोपली होती, उघाडही होती. सासरे, आमचे हे आणि गडी तळघराच्या भिंतीला बाहेरून लागून तळाच्याही खाली जाईल एवढा चर खणू लागले. भिंतीच्या अंगाला तीच आमची चिकण माती, नीट तुडवून, ठोकून बसवली. तिच्या पलीकडे फुटक्या कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, तुकडे भरले, म्हणजे पाणी त्यांतून खाली उतरावं. आणि चराच्या तळापासून एक नाली थेट मागच्या शेतात काढली. अंगणालाही बाहेरच्या बाजूला उतार दिला. आत मी आणि सासूबाईंनी उरलेलं पाणी उपसून ती सगळी माती खरवडून काढली. दगडांचे सांधे चुना, विटांची भुकटी, गूळ आणि बेलाचा गर यांच्या गिलाव्यानं बुजवले. गुळाचा वास आल्यावर मुंग्या आल्याच. सासूबाई म्हणाल्या, येऊ दे, मासे येण्यापरीस मुंग्या बऱ्या.

श्रावणात मग असा पाऊस कोसळला की अंगण दिसेना. सासरे घोंगडी पांघरून मागच्या शेतात जाऊन उभे राहिले. अन् तिथूनच ओरडले, “आलं! आलं! येऊन राह्यलं ना वो!” मी भिजत धावले. नालीच्या तोंडातून मनगटाएवढी धार शेतात पडत होती. इतकी वर्षं आमच्या तळघरात शिरणारं पाणी ते! मला इतका आनंद झाला की मी त्या धारेखाली हातच धरले. तळघरात सासूबाईंनी तांदळाच्या पिठाची रांगोळी काढून ठेवली होती. झड थांबल्यावर पाहिलं, तर रांगोळीची एक रेघही पसरली नव्हती.

तरी कोरडं करणं वेगळं आणि कोरडं राखणं वेगळं. पडदा खाली नेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. ऊन पडलं की दार उघडायचं, आभाळ आलं की लावायचं, कोपऱ्यांत कळीच्या चुन्याची मडकी ठेवायची. हवेतली ओल पिऊन चुना फुटून भुकटी झाला की नवा भरायचा. पडदा जमिनीला टेकू न देता बांबूंवर ठेवला होता. मी दिवसातून इतक्या वेळा तळघरात जायची की सासूबाई म्हणायच्या, तिथंच चूल मांड.

पोळ्याला बैलांची पूजा झाली आणि दोन्ही गावचे लोक पायऱ्या उतरले. कुडव्याच्या पाटलांनी भिंतीवर तळहात फिरवला. मग पडद्याला नाक लावून हुंगलं. “बसला बापा तुमचा पडदा फुलचूरले,” ते म्हणाले, आणि गूळ मागितला. लांब नाकाच्या गड्याला दासीचं काम मिळालं.

मंडईच्या दिवशी आजूबाजूच्या गावांहून बायका बैलगाड्या जुंपून आल्या. मी त्यांच्यात दाटीवाटीनं बसले. दिवस कलताना पडदा उलगडला. रंग कसे टवटवीत होते! आणि त्या रंगवलेल्या महालासमोर माझं हिरवं लुगडं नेसून राणी आली. हळू, मान वाकवून, पदर सावरत. ते भाषण मला पाठ होतं, तरी पहिल्या शब्दाला माझे डोळे भरून आले. पुढच्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

माझ्या शेजारी परगावची एक म्हातारी बसली होती. तिनं मला कोपर मारलं.

“कोनाची बाई हाय वो ही? किती देखनी हाय!”

“माही,” मी म्हणाले.