मडीच्या दांडीवरची बाटली

माझ्या सासूबाईंइतकं कडक सोवळं उभ्या राजाजीनगरात कोणाचं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या स्वतःच येईल-जाईल त्याला सांगत. अंबूबाई त्यांचं नाव. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेलं, घरात बोलणं मराठीच. पण सोवळ्याला त्या कन्नडातलं 'मडी' म्हणत. मी निपाणीची. आमच्याकडेही सोवळं होतं, पण त्याला थोडीफार दयामाया होती. इथे मडीची लुगडी छताजवळच्या दांडीवर काठीनं वाळत घालायची, काठीनंच काढायची, आणि आंघोळ न केलेल्यानं त्या काठीकडे बघायचंसुद्धा नाही.

अशा घरात एकसष्ट साली माझा त्रिविक्रम जन्मला. तोंडात वरच्या टाळूला फट. अंगावर पिता येईना. चमच्यानं पाजावं तर दूध नाकातून बाहेर. दूध आणि कफ घशात साठला की त्याचा श्वास कोंडे आणि ओठ काळेनिळे पडत. ऑपरेशन तो वर्ष-दीड वर्षाचा झाल्यावरच, असं डॉक्टर म्हणाले. तोवर घरी काय करायचं ते त्यांनी मला शिकवलं. काचेची लहानशी बाटली, तिच्या रबरी बुचातून निघालेल्या दोन नळ्या. बाळाला कुशीवर घ्यायचं, मऊ नळी गालाच्या कडेनं तोंडात सारायची, दुसरी आपण ओठांत धरून हलकेच ओढायचं. कफ बाटलीत पडतो, आपल्या तोंडात येत नाही.

अंबूबाईंनी ते बघितलं आणि लुगड्याचा पदर नाकाला लावला.

"एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात? उष्टं ते, अनुसूया!"

"आत्याबाई, मधे बाटली आहे."

"असेना का. दोन्ही टोकांना तोंडंच ना?"

मी ओढायला बसले की त्या भिंतीकडे तोंड करून जप करत. मला राग यायचा. नातवाचा जीव घुसमटतोय आणि या भिंत बघतायत!

पण माझ्याच एका वाक्यानं घोटाळा केला. डॉक्टर म्हणाले होते, नळ्या उकळून ठेवा आणि उगाच कोणी हात लावू नये. मी ते घरी जसंच्या तसं सांगितलं. आता कोणी हात लावू नये म्हणजे काय, हे अंबूबाईंना का शिकवायला हवं होतं? दुसऱ्या दिवशी बघते तर बाटली आणि नळ्या उकळून, धुतलेल्या पंच्यात बांधून थेट छताजवळ, लुगड्यांच्या शेजारी.

"हवी तेव्हा हाक मार," त्या म्हणाल्या. "स्वल्प थांबलीस की काठीनं काढून देते."

मी कपाळावर हात मारला. मात्र खोटं कशाला बोलू, त्यांनी चंगच बांधला. एकदा वापरली की बाटली उष्टी. ती उकळल्याशिवाय पुन्हा वर जायची नाही. बाळाला एकदाही ताप आला नाही. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. ती शाबासकी मी घरी येऊन अंबूबाईंना पोचती केली, तर म्हणाल्या, "मला कशाला? मडीला सांग." मला धास्ती एकच होती. एखाद्या दिवशी हाक मारली आणि त्यांना यायला उशीर झाला तर?

तो दिवस नेमका सासऱ्यांच्या श्राद्धाचा निघाला. पुढच्या खोलीत बिंदुमाधव भटजी आणि त्यांच्यासमोर आमचे हे, बोटात दर्भ घालून बसलेले. अंबूबाई पहाटेपासून मडीत, चुलीवर खीर, कढईत वडे. बाळाच्या लाळेनं-दुधानं माझी मडी केव्हाच मोडलेली, म्हणून मला स्वयंपाकघराच्या वाऱ्यालाही उभं राहायची बंदी. मी मधल्या खोलीत त्याला पाजत होते. तोच त्याला ठसका लागला. मी त्याला पालथा धरला, पाठीवर थोपटलं, तरी श्वास येईना. घशात नुसती घरघर. मग तीही थांबली.

"आत्याबाई!"

मी वर बघितलं. हात पुरणं शक्य नव्हतं. असं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

अंबूबाई काठी घेऊनच आल्या. एका फटक्यात पंचा खाली ओढला. मला वाटलं, नेहमीसारखा माझ्या हातात टाकतील. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

"थरथरतायत तुझे. दे इकडे."

आणि बाळाला माझ्या अंगावरून उचलून त्यांनी कुशीवर धरलं, गालाच्या कडेनं नळी सारली, दुसरी स्वतःच्या ओठांत धरली आणि हलकेच ओढलं. अगदी मी करते तसं! भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या बाईनं सगळं बारकाईनं बघून ठेवलं होतं. बाटलीत पांढरं काहीतरी पडलं. पुन्हा एकदा ओढलं. त्रिविक्रमनं अंग ताठ केलं आणि असं भोकाड पसरलं की भटजी मंत्र विसरले. मला रडू फुटलं.

मग भटजी दारात आले. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. "अक्का, मडी मोडली. आता आंघोळ करून सगळं पुन्हा रांधायला हवं. पण वेळ टळेल."

"सरी, ठीक आहे. आंघोळ करते," अंबूबाई म्हणाल्या. बाळ अजून त्यांच्या खांद्यावर होतं. "स्वयंपाक मात्र हाच. ज्यांचं श्राद्ध, त्यांचाच हा नातू. याच्या घशातलं काढणाऱ्या हातचं त्यांना चालत नसेल, तर आज राहू देत उपाशी."

आमचे हे बोटातला दर्भ सारखा करून पुन्हा पाटावर बसले. भटजींनी खीर दोनदा मागून घेतली.

त्रिविक्रमचं ऑपरेशन पुढे नीट झालं. आता शाळेत जातो. पाढे जरा नाकातून म्हणतो, पण खणखणीत म्हणतो. अंबूबाईंची मडी आहे तशीच आहे. कालच त्यांनी दूधवाल्याला फाटकाबाहेर उभं केलं. पण त्या श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा पंच्यातली बाटली दांडीवर नव्हती. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवरच्या खुंटीला अडकवलेली होती. माझी आंघोळ व्हायची होती, म्हणून मी लांबूनच विचारलं, "आत्याबाई, ही मडीची ना?"

"मडीचीच," त्या चुलीपासून न हलता म्हणाल्या. "तुझ्या हातानं ती मोडत नाही."