डाव्या बाजूचा आवाज

बायको गेली आणि त्या पावसाळ्यानंतर माझी गाडी वाजायला लागली. मुरबाडला माझा दवाखाना होता आणि खेड्यापाड्यांत फिरायला एक जुनाट मोटार. तिच्या पुढच्या डाव्या चाकाकडून दर खड्ड्याला ‘खट्’ असा आवाज यायचा. बाळंतपणाला कुठल्याच घरात पुरुष डॉक्टर चालत नसे, म्हणून बायको सगळीकडे माझ्यासोबत यायची. आता मी एकटा, आणि सोबतीला हे खटखटणं.

मी चाक उचलून हलवून पाहिलं, चाकावरचे स्प्रिंगचे पाटे आवळले, हात कोपरापर्यंत ग्रीसने माखून घेतले. आवाज जागच्या जागी. शेवटी शहापूरच्या मिस्त्रीकडे गेलो. माझी गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हा माझा जुना हट्ट. त्यामुळे मी चालवायचो आणि तो बाजूला बसून कान लावायचा. नेमका तेव्हा आवाज गप्प! दोन-तीनदा असंच झालं.

शेवटी मिस्त्री चाचरत म्हणाला, “डाक्टर, रागावू नका. एकटा मानूस असला का कान वाजतात. तुमी चार दिस कुनाकडं तरी जाऊन या.”

मी रागावलोच. कुणाकडे जाणार होतो मी? पण राग ओसरला तशी भीती वाटायला लागली. माझा सगळा धंदा कानांवर. छातीला नळी लावायची आणि आतलं ऐकून औषध द्यायचं. नसलेले आवाज ऐकू यायला लागले तर डॉक्टरकी कशी करायची? एका म्हातारीच्या छातीत मला घरघर ऐकू आली आणि औषध देताना माझा हात अडला. ती घरघर तिचीच होती की माझी? त्या दिवशी ठरवलं, दिवाळीनंतर दवाखान्याला कुलूप लावायचं. घरी येऊन हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून भिंतीकडे बघत जेवलो.

त्याच आठवड्यात वैशाखरे गावचा एक शेतकरी सुनेच्या तापासाठी बोलवायला आला. त्याला शेजारी बसवून नेलं. सुनेला तपासलं, औषध दिलं आणि परत निघालो. गावाबाहेर पडतो तोच ‘खट्’. येताना तर सगळा रस्ता गाडी मुकाट आली होती! मी तशीच गाडी वळवली.

मला परत आलेला पाहून शेतकऱ्याचा चेहरा उतरला. “सुनेचं काय सांगायचं ऱ्हायलं का?”

“ती बरी होईल. तुम्ही जरा गाडीत बसा.”

ओढ्यापर्यंत गेलो, आवाज नाही. त्याला उतरवून एकटा पुढे गेलो, आवाज. पुन्हा बसवलं, पुन्हा गप्प. शेवटी तो वैतागला. “डाक्टर, बसू का उतरू, एकदाच काय ते ठरवा. लोक बघतान.”

मी मोठ्यांदा हसलो. कितीतरी महिन्यांनी हसलो असेन. डाव्या बाजूला माणूस बसलं की पाटा दाबला जात होता आणि आतलं ढिलं झालेलं काहीतरी गप्प बसत होतं. माझे कान शाबूत होते.

शहापूरला मिस्त्रीने डाव्या पाट्याची पिन काढली. एका बाजूने पार झिजली होती.

“ही आत्ताची झीज नाय,” तो म्हणाला. “लय वरसांची हाय.”

“मग इतकी वर्षं आवाज कसा आला नाही?” मी विचारलं.

त्याने हात पुसले. माझ्याकडे न बघताच म्हणाला, “बाई बसायच्या ना बाजूला.”

हे खरं तर मलाच कळायला हवं होतं. त्याने नवी पिन बसवली आणि गाडी चालवून बघायची म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “आज तूच चालव,” आणि डावीकडचं दार उघडून आत बसलो. गाडी माझी, पण त्या जागेवर मी कधीच बसलो नव्हतो. मिस्त्री मुरबाडच्या रस्त्याला लागला. गाडी अजिबात वाजत नव्हती. तिथे बसल्यावर रस्त्यापेक्षा चालवणाऱ्याकडेच जास्त लक्ष जातं. माझ्या शेजारी बसून इतकी वर्षं ती काय बघत होती, ते मला त्या दिवशी दिसलं.